वाचकांचे प्रश्न : खेळाच्या सीडीवर काय ठेवायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पहिल्या पत्रालाच निम्म्याहून जास्त जागा गेली, कारण असं पत्र मराठीत येईल याची मी बरीच वर्षं वाट पाहत होते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं फोंड्याला कॉलेजात आहोत. टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा एक खेळ आम्ही मराठीत लिहिला आहे. गाव खाजनाकाठचं, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांजवळचं, काळ पोर्तुगीज अमदानीचा आणि गोष्ट एकाच रात्रीची : भरती चढते आहे आणि बांधाला भगदाड पडलं आहे. पुस्तक ९६ पानांचं झालं. मागच्या पुठ्ठ्यात सीडी द्यायची आहे. ७०० एमबी जागा आहे, म्हणून नकाशे, चित्रं, संगीत, पात्र तयार करून देणारा प्रोग्राम, खेळ कसा खेळायचा त्याचा व्हिडिओ, असं सगळं घालायचा विचार आहे. काय ठेवावं, काय गाळावं? — दोघे मित्र, फोंडा

उत्तर : तुमची ९६ पानं मी दोन रात्रींत वाचली. बांध फुटल्यावर कोण पळतं आणि कोण चिखलात उतरतं, हे फाशांवर ठरवायची तुमची पद्धत मला फार आवडली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तिथून हा प्रकार रुजला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. गोष्ट चालवणाऱ्याला आमच्या टेबलावर आम्ही सूत्रधार म्हणतो. नाटकवाल्यांच्या गोव्यात त्याला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

आता तुमचे ७०० एमबी. जागा आहे म्हणून ती भरायची, हा विचार आधी सोडा. साखळीला आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, दर रविवारी खेळ बसतो. सोप्यावर पाच जण, मधे लाकडी पाट, आणि सूत्रधार मी. माझ्या एका हातात फासे असतात, दुसऱ्यात पुस्तक, आणि पाच तोंडं माझ्याकडे बघत असतात. त्या वेळी मला सीडीतल्या चाळीस फोल्डरांतून काही शोधायचं नसतं. खेळाच्या आदल्या रात्री मी सीडी लावते, हवं ते छापून घेते आणि संगणक बंद करते. म्हणून प्रत्येक गोष्टीला तीनच प्रश्न विचारा. ही खेळताना झिजते का? ही कानांनी ऐकायची आहे का? ही दुसऱ्या कुणाला आपल्या गावाप्रमाणे बदलावीशी वाटेल का? तिन्हींना 'नाही' असंच उत्तर आलं, तर तिची जागा पुस्तकात आहे किंवा कुठेच नाही.

सगळ्यात जास्त झिजते ती पात्रपत्रिका, म्हणजे ज्यावर खेळाडू आपल्या पात्राची माहिती आणि आकडे लिहितो तो कागद. जीव कमी झाला की खोडा, पैसे आले की लिहा, पुन्हा खोडा. तिसऱ्या रविवारी कागदाला भोक पडतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एकच पत्रिका छापून 'झेरॉक्स काढावी' असं लिहिलेलं असतं, आणि झेरॉक्स काढताना पुस्तकाचा कणा मोडतो. तेव्हा कोरी पत्रिका सीडीवर पहिली. ती दोन तऱ्हांनी द्या : एक छापायची पीडीएफ आणि एक वर्डमध्ये उघडून बदलता येईल अशी. पत्रिकेत करडी छटा कुठेही वापरू नका. तुमच्या नमुन्यात नावाच्या चौकटीमागे फिकट करडा बांध काढला आहे. पडद्यावर तो सुरेख दिसतो, पण बाजारातल्या झेरॉक्सवर त्याचा काळा डाग होतो आणि त्यावर पेन्सिलीचं काही दिसत नाही. मी तुमचं पान काढून बघितलं, सोबत पाठवते आहे. निव्वळ रेघा ठेवा.

कोऱ्या पत्रिकेसोबत सहा तयार पात्रंही द्या. नवा माणूस खेळायला येतो तेव्हा त्याला पहिला पाऊण तास आकडेमोडीत बसवला तर तो परत येत नाही. तुमच्या गावात ताडी काढणारा रेंदेर आहे, पाव भाजणारा पदेर आहे, मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, खोपीत राहणारी म्हातारी आहे. त्या म्हातारीचं पात्र तर नक्कीच द्या, ती मलाच खेळायची आहे.

नकाशांवर मात्र तुम्हाला खरी मेहनत घ्यावी लागेल. प्रत्येक नकाशा दोन प्रतींत हवा : सूत्रधाराचा, सगळं दाखवणारा, आणि खेळाडूंचा, ज्यात लपलेलं काहीच नाही. खेळाडूंची प्रत वेगळी काढा. एकाच पीडीएफमध्ये थर लपवून काम भागवू नका, कारण लपवलेला थर कुणीही एका टिचकीत उघडू शकतो. आणि फायलींची नावं! दोन वर्षांमागे मी एक नकाशा दाखवायला लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. नकाशा उघडायच्या आत शेजारच्या फायलीचं नाव एका मुलाने वाचलं, 'विहिरीतलं भुयार'. महिनाभर जपलेली गोष्ट तिथे संपली. तेव्हापासून माझ्या फायलींना नुसते आकडे असतात, आणि कोणता आकडा कशाचा ते माझ्या वहीत. तुम्ही ती यादी पुस्तकात, सूत्रधाराच्या प्रकरणात छापा. नावं रोमन अक्षरांत आणि आखूड असू द्या, म्हणजे जुन्या संगणकांवरही ती तुटणार नाहीत.

माप हा दुसरा मुद्दा. सोंगट्या ठेवायच्या नकाशात घर एक इंचाचं असतं, म्हणजे २५.४ मिलिमीटर. आपला ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. कडेला छपाईयंत्र जागा सोडतं, म्हणून रुंदीत ७ आणि उंचीत १० घरं सुखाने बसतात. आठवं घर बसवायला जाल तर यंत्र ते कापेल. मोठा नकाशा असेल तर तो ७ बाय १० च्या तुकड्यांत मोडा आणि जोडायच्या कडेला खुणा करा. बाहेरून उतरवलेले पुष्कळ नकाशे अमेरिकन लेटर कागदाचे असतात. तो आपल्या कागदाहून रुंद आणि आखूड असतो. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय तसाच राहिला तर घरं आक्रसतात आणि सोंगट्या एकमेकींवर चढतात. यावर मी एक साधा उपाय करते. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढते आणि खाली लिहिते : 'ही रेघ बरोबर १० सेंटीमीटर भरली पाहिजे.' पट्टी लावली की कळतं. चित्रासारखे नकाशे असतील तर ३०० डीपीआय ठेवा, म्हणजे ए-फोरला २४८० बाय ३५०८ बिंदू. त्याहून जास्त ठेवून उपयोग नाही.

तुमच्या पत्रात आलेली नाही अशी एक गोष्ट मला या सीडीवर सगळ्यात आधी दिसली. ती म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता. तुमच्या खेळाचं घड्याळ पाणी आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती जवळपास पन्नास मिनिटं उशिरा. ओहोटीला आतलं पाणी मानशीचं दार ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. हे न समजणारा सूत्रधार तुमची गोष्ट चालवूच शकणार नाही. एका कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी आखा, प्रत्येकीत पाणी कुठवर आलं ते लिहा आणि दार उघडं की बंद त्याची खूण करा. सूत्रधार खेळता-खेळता चौकट खोडत जाईल. हा कागद प्रत्येक खेळाला नवा लागतो, आणि मालवणचं किंवा दिवाडीचं कुणी आपलं गाव घालू म्हणेल तर त्याला तो बदलताही आला पाहिजे. म्हणून पीडीएफसोबत एक्सेलची फाइलही द्या.

गोष्टीत सापडणारे कागद, म्हणजे गावकारीच्या (गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) वहीतलं पान आणि ते मोडीतलं पत्र, हेही सीडीवरच. खेळाडू ते हातात घेतात, दुमडतात, खिशात घालून घरी नेतात. न्यावेतच. युनिकोडमध्ये २०१४ पासून मोडी लिपी आहे, पण फॉण्टने छापलेली मोडी पत्रासारखी दिसत नाही. मोडी येणाऱ्या कुणाकडून बोरूने लिहून घ्या आणि स्कॅन करा. वाचन मात्र सूत्रधाराच्या फोल्डरमध्ये बाळबोध लिपीत ठेवा, कारण प्रत्येक टेबलावर मोडी वाचणारा मिळणार नाही.

पात्र तयार करून देणारा प्रोग्राम घालू नका. हे मी कळकळीने सांगते. २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकात असा प्रोग्राम सीडीवर आला आणि पुढे तो अनेकांना हवासा वाटला. पण प्रोग्राम ज्या विंडोजसाठी लिहिला त्या विंडोजबरोबर म्हातारा होतो. माझ्याकडच्या एका जुन्या सीडीवरचा असाच प्रोग्राम आज माझ्या संगणकावर उघडतसुद्धा नाही. याउलट १९९९ साली 'ड्रॅगन' मासिकाचे पहिले अडीचशे अंक सीड्यांवर निघाले. त्यातली पानं पीडीएफ आहेत, म्हणून ती आजही वाचता येतात. साधी फाइल टिकते. तुमच्या प्रोग्रामवर सहा महिने घालवण्यापेक्षा पात्र तयार करायची रीत पुस्तकात एका पानावर नीट मांडा.

व्हिडिओही नको. त्याऐवजी एका खेळाचं खरं बोलणं, सूत्रधार काय म्हणाला आणि खेळाडू काय म्हणाले, तीन पानांत उतरवून पुस्तकात छापा.

प्रश्न : आमचा खेळ रानातला, भीतीचा आहे. सीडीवर पार्श्वसंगीत द्यायचं आहे. प्रसंगांची वर्णनंही चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्यावीत का? आणि एमपीथ्री द्यायचं की ऑडिओ सीडी करायची? — एक वाचक, वाळपई

उत्तर : कालोत्सवातल्या नाटकांना मी बावीस वर्षं पार्श्वसंगीत दिलं. आधी कॅसेटवर, मग सीडीवर. त्यामुळे या प्रश्नावर मला पुष्कळ बोलावंसं वाटतं.

वर्णनं ध्वनिमुद्रित करू नका. मी एकदा केली होती. एका अनुभवी नटाकडून दहा प्रसंग वाचून घेतले, आवाज अप्रतिम. खेळात पहिला ट्रॅक लावला आणि टेबल गप्प झालं. गप्प झालं ते झालंच. खेळाडू पुढच्या ट्रॅकची वाट बघायला लागले आणि मी यंत्राची कळ दाबणारी झाले. नाटकात प्रेक्षक बोलत नाहीत, म्हणून तिथे ते चालतं. इथे सगळेच पात्रं आहेत. यंत्रातला माणूस बोलू लागला की टेबलावरची माणसं बोलायची थांबतात. १९९४ साली 'फर्स्ट क्वेस्ट' नावाच्या पेटीत खेळासोबत ऑडिओ सीडी आली होती. जहाजावर असलेल्या माझ्या मावसभावाने ती आणली, तेव्हा आवाजाने खेळात काय होऊ शकतं ते मला पहिल्यांदा कळलं. पण माझा स्वतःचा अनुभव शब्दांविना आवाज ठेवा असंच सांगतो.

आवाज दोन तऱ्हांचे. एक मागे सतत चालणारा : कौलांवरचा पाऊस, बेडूक, रातकिडे, लांबचा ओढा. दुसरा एकदाच वाजणारा : दार करकरणं, घंटा, पाण्यात काही पडल्याचा आवाज. दोन्ही कधीही एका ट्रॅकवर मिसळू नका. पावसात वीज मिसळलेली असेल तर ती तिच्या वेळेला कडाडणार, तुमच्या वेळेला नव्हे. नाटकात नायिका 'किती शांत आहे ना सगळं' म्हणत असताना माझ्या कॅसेटवर वीज कडाडली होती. ते वाक्य मी अजून विसरले नाही.

सतत चालणारा आवाज एमपीथ्रीत देऊ नका. एमपीथ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता चिकटते, आणि तोच ट्रॅक पुन्हापुन्हा वाजवला की दर फेरीला एक खंड पडतो. पाऊस क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला की सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे जातं. वेव्ह (.wav) फाइल द्या. स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे सहा आवाज १८० एमबीत आले. जागा भरपूर उरते. एकदाच वाजणारे आवाज एमपीथ्रीत चालतील, फक्त त्यांच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. कळ दाबली की आवाज आलाच पाहिजे.

ऑडिओ सीडी वेगळी करायची गरज नाही. तिच्यात ८० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९९ ट्रॅक, आणि शिवाय नकाशांना जागा नाही. आणि आवाज स्वतः मुद्रित करा. जूनमध्ये वाळपईत राहणाऱ्याला पावसाचा आवाज बाहेरून आणायची गरजच काय? मोबाइल कौलांखाली, पंख्यापासून दूर ठेवा आणि पहाटे तीनला उठा. त्या वेळी रस्त्यावर गाडी नसते.

प्रश्न : माझ्या भावाला दिसत नाही. तो आमच्याबरोबर खेळतो, पण नियम प्रत्येक वेळी कुणीतरी वाचून दाखवावे लागतात. अशा सीडीचा त्याला काही उपयोग होईल का? — एक बहीण, मडगाव

उत्तर : होऊ शकतो, आणि फोंड्याच्या मित्रांनी हे उत्तर माझ्या पहिल्या उत्तराला जोडून घ्यावं. नियमांचं पुस्तक सीडीवर नको असं मी मानत आले होते. तुमचं पत्र वाचून ते मत बदललं. पुस्तक सीडीवर हवं, पण चित्रासारख्या पीडीएफमध्ये नव्हे, साध्या युनिकोड मजकुरात.

आपल्याकडे डीटीपीची बरीच कामं अजून जुन्या फॉण्टांत होतात. मी स्वतः पंधरा वर्षं तीच केली. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. वाचून दाखवणारा प्रोग्राम आतलं वाचतो, त्यामुळे 'बांध' ऐवजी कानावर अर्थहीन अक्षरं पडतात. युनिकोडमध्ये असलेला मजकूर एनव्हीडीए नावाचा मोफत प्रोग्राम मराठीत वाचतो. मजकुराला मथळे नीट मथळे म्हणून दिलेले असावेत, म्हणजे भावाला एका कळीने 'लढाई' वरून 'पोहणं' या प्रकरणावर उडी मारता येईल. तक्ते ओळींत लिहावेत. नकाशाचं वर्णन शब्दांत असावं : दरवाजा पूर्वेला, आत शिरल्यावर डावीकडे विहीर, सात पावलं. असं वर्णन डोळस सूत्रधारालाही उपयोगी पडतं, मी ते करून बघितलं आहे.

पात्रपत्रिकाही त्याला साध्या मजकुराच्या फाइलीत द्या. फाशांवर ठिपके खोलगट असतील असे बघून घ्या. वीस बाजूंच्या फाशावरचे आकडे बोटाला लागत नाहीत, तिथे मात्र टेबलावरच्या कुणावर तरी विश्वास टाकावा लागतो.

प्रश्न : इंग्रजी खेळाचे नियम मराठीत आणून सीडीवर दिले तर चालतं का? चित्रं आणि फॉण्ट कुठून घ्यावेत? — एक शिक्षक, डिचोली. आणि मुळात आजकाल सीडी लावतं कोण? — एक वाचक, पणजी

उत्तर : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करता येतं, छापता येतं, विकताही येतं. श्रेयाचं वाक्य सीडीवर एका साध्या फाइलीत ठेवा आणि पुस्तकातही छापा. ही मोकळीक फक्त त्या नियमांपुरती आहे, त्यांच्या इतर पुस्तकांना ती लागू नाही. फॉण्ट म्हणाल तर मुक्त परवान्याचे मुक्ता आणि नोटो देवनागरी दोन्ही उत्तम, आणि पीडीएफमध्ये ते आत बांधून द्या. चित्रं दुसऱ्याच्या पुस्तकातून स्कॅन करू नका. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात कोरलेला वर्तुळाकार चक्रव्यूह आहे. मुलांना तिथे न्या, पाहून हाताने काढायला लावा. भुयाराचा इतका चांगला नकाशा विकत मिळणार नाही.

पणजीच्या वाचकांचं म्हणणं खरं आहे, नव्या लॅपटॉपना सीडीची खाचच नसते. तरी पुस्तकाबरोबर हातात येणारी वस्तू मला हवी वाटते. दुवा मरतो, पुस्तक वाचनालयात पन्नास वर्षं राहतं. पण सीडी एकटी नको. तेच फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर आणि एका दुव्यावरही ठेवा, आणि तिन्ही ठिकाणी फायलींची नावं तीच असू द्या, नाहीतर पुस्तकातली यादी जुळणार नाही.

प्रश्न : पावसात सीड्यांना बुरशी येते. काय करू? — एक वाचक, काणकोण

उत्तर : कपाटात आडव्या रचू नका, पेटीत उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओली झाली की बदला. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवा, गोल नाही. छापील बाजू जास्त जपा, चकाकणारा थर तिच्याच लगेच खाली असतो. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नका. दमट हवेत ते फुगतं आणि थर घेऊन सुटतं. घरी लिहिलेल्या सीडीला ऊनही सोसत नाही. मी दर वर्षी चवथीच्या आधी घर साफ करताना सगळ्या सीड्या एकदा लावून बघते, आणि जी अडखळते तिची त्याच दिवशी नवी प्रत करते.